मेणकागदातला गंज

सोमवार, ६ एप्रिल १९८७. डोंबिवली

आजपासून कारखान्यात जायला लागले. दादा म्हणाला, "सुमे, तिथं काय दिसतं, कोण काय बोलतं, तारीख घालून लिहून ठेव. उद्या भागीदारीचं प्रकरण कोर्टात गेलं तर कामाला येईल." दादाचा सगळा जन्म ठाण्याच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेला, त्याला सरळ चालणारं जग माहीतच नाही. पण या बाबतीत मला त्याचं पटलं. आनंदला जाऊन थोडे दिवस होतात न होतात तोच त्याचे भागीदार मधुभाऊजी म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही कशाला दगदग करता? तुमचा हिस्सा दर महिन्याला घरपोच येईल." घरपोच म्हणे. म्हणजे मी घरात बसायचं आणि हे हातावर ठेवतील ते घ्यायचं. मी काय दुधखुळी आहे?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला हा गाळा आनंद आणि मधुभाऊजींनी मिळून घेतला. दोघं एकाच कंपनीत होते, एकाच दिवशी राजीनामे देऊन आले. अर्धा गाळा आनंदचा, अर्धी मशिनं आनंदची. मला मूलबाळ नाही. आनंदचं मागं राहिलेलं म्हणावं असं एवढंच आहे, आणि ते मी सोडणार नाही. शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली ती याचसाठी.

इथं गेज बनतात. गेज म्हणजे पोलादाची बोटाएवढी दांडी. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तसं झालं की भोक बरोबर. मोठ्या कंपन्या आपला माल यावर तपासतात. म्हणून गेज आरशासारखा गुळगुळीत लागतो, केसाएवढाही फरक चालत नाही. ग्राइंडिंगला दामाजी आहे, बाळकुमचा कोळी. फारसा बोलत नाही, आणि तेच मला खटकतं. शेवटचं पॉलिश मधुभाऊजी स्वतः करतात. मग पीस तेलात बुडवून मेणकागदात गुंडाळायचा.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "गुंडाळण्याआधी प्रत्येक पीस मी हातात घेऊन बघणार." मुलांच्या वह्या तपासण्यात माझी हयात गेली, न बघता कशावर सही करणं मला जमत नाही. मधुभाऊजी हसले, म्हणाले, "बघा की. अर्धं तुमचंच आहे." फार लवकर हो म्हणाले.

मंगळवार, १४ एप्रिल

विशेष काही नाही. उकाडा मरणाचा आहे, पत्र्याखाली नुसतं भाजून निघतं, पदर पिळून घ्यावा इतका घाम. तरी संध्याकाळी ट्रेमधला एकेक पीस उचलते, दिव्यासमोर फिरवते, पुन्हा ठेवते. आनंदही असाच फिरवून बघत असेल. त्या वेळी बरं वाटतं. मधुभाऊजी मात्र सारखे माझ्याकडे बघत असतात.

सोमवार, ४ मे

घोडबंदर रोडवरच्या पंपाच्या कंपनीकडून खोका परत आला. आमचं अर्ध्याहून जास्त काम त्यांचंच. मेणकागद उलगडला तर आत तपकिरी डाग. पोलादावर गंज! मधुभाऊजींनी एक पीस चिमट्यात धरून खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, "वहिनी, हे पीस तुम्ही हाताळले होते ना?"

"सगळे," मी म्हटलं. "तेव्हा आरशासारखे होते."

त्यांनी पीस परत मेणकागदात ठेवला. आनंद असताना एवढ्या वर्षांत कधी माल परत आला नव्हता. मी यायला लागले आणि महिन्याभरात गंज. दादाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "धंदा तोट्यात दाखवायचा, तू कंटाळून हिस्सा फुंकून टाकलास की घ्यायचा गिळून." मला इतक्या टोकाला जायचं नाही. पण कुठंतरी पाणी मुरतंय.

शनिवार, ९ मे

आज जावेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं, ठाण्यालाच, नौपाड्यात. मी हौसेनं गेले. ओटी भरायला तांदळाचं ताम्हन उचललं तर जावेच्या आत्यानं हळूच हातातून काढून घेतलं. "तू नको गं हात लावूस, पोरीचं पहिलं आहे." वीस-पंचवीस बायका होत्या. एकीनंही मान वर केली नाही. ज्या मुलीला मी पाढे शिकवले तिची ओटी मी भरायची नाही.

जेवले नाही. तशीच कारखान्यात आले. मधुभाऊजी माझी वाटच बघत होते. "बरं झालं आलात. वहिनी, तुमच्या हाताबद्दल जरा बोलायचं होतं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुम्हीपण? आत्ताच ऐकून आले, माझा हात लागला की वाईट होतं. विधवेचा हात. तुमचंही तेच म्हणणं असेल तर तोंडावर सांगा." आणि झालेलं सगळं भडाभडा बोलून टाकलं. दामाजीसुद्धा मशीन बंद करून ऐकत होता.

मधुभाऊजींचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "नाही वहिनी. तसलं काही मानत नाही मी. तुमचा हात कुठंही लागू दे."

"मग काय बोलायचं होतं?"

"काही नाही. ते आपलं... बिलांवर सह्या करायच्या होत्या."

क्षणभर भला माणूस वाटला. घरी आल्यावर मात्र विचार केला, बिलांवर सह्या करायला एवढी प्रस्तावना कशाला?

मंगळवार, १९ मे

अपेक्षेप्रमाणे सुरुवात झाली. "वहिनी, तुम्ही ऑफिसात बसा, तिथं पंखा आहे." "वहिनी, पत्रव्यवहार तुमच्यासारखा कुणाला जमणार?" म्हणजे मालापासून लांब. मी म्हटलं, पंखा इकडे लावून घ्या. त्यांनी खरंच दुसऱ्या दिवशी ट्रेजवळ पंखा लावून घेतला. हट्टाला पेटलेला माणूस इतकं ऐकत नाही, ज्याला काही लपवायचंय तोच ऐकतो.

सोमवार, १ जून

मधुभाऊजींची बायको शुभदा घरी येऊन गेली. चकल्या आणल्या, आणि पांढरे सुती हातमोजे. "तिथं काम करताना घालत जा हं वहिनी. तेलाबिलानं हात खराब होतात." बोलताना नजर चकल्यांच्या डब्यावर. मी बरं म्हटलं. हातमोजे घातले की पिसावरचा बारीक ओरखडा हाताला कळत नाही, एवढं न समजायला मी काय शाळकरी पोर आहे? गरम कढई उतरवायला बरे आहेत.

बुधवार, १० जून

पकडलं!

साडेपाचला निघाले, बसस्टॉपवर लक्षात आलं की छत्री राहिली. परत आले तर शटर अर्धं खाली. वाकून बघितलं. मी तपासून ठेवलेले सगळे पीस दोघांनी पुन्हा उलगडले होते. दामाजी एका डब्यातलं काहीतरी फडक्यानं चोळत होता, मधुभाऊजी एकेक पीस पुसत होते. आणि दामाजी म्हणाला, "बायला कळला तं?" मधुभाऊजी म्हणाले, "कळता कामा नये. कोणी बोलायचं नाही."

मी शटर वर ढकललं. दोघंही दगडासारखे उभे. "काय चाललंय?" "काही नाही वहिनी, जरा जास्तीचं तेल..." मी तो डबा उचलला, पिशवीत घातला आणि छत्री न घेताच निघाले.

आज झोप लागायची नाही. ज्या माणसानं आनंदला खांदा दिला तो असं करतो. माणूस ओळखण्यात आनंदही चुकला आणि मीही.

मंगळवार, १६ जून

डबा आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना दाखवला. दादाला खात्री होती आत ॲसिड आहे. सर म्हणाले, "छे हो, हे गंज न चढण्याचं तेल आहे. चांगल्या प्रतीचं आहे, महाग येतं." मी विचारात पडले. मग दादानं उलगडा केला, डब्यात एक ठेवायचं आणि लावताना दुसरंच लावायचं. असेल तसंच. नाहीतर लपूनछपून चांगलं काम कोण करतं?

आता ट्रेचं कपाट मी बंद करते आणि किल्ली कमरेला. तपासून झाल्यावर मी स्वतः तेलात बुडवते, स्वतः गुंडाळते. मधुभाऊजींना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. म्हणाले, "वहिनी, कुठल्याही गोष्टीत तुम्ही म्हणाल तसं करतो. एवढी एक गोष्ट माझ्यावर सोडा." मी म्हटलं, "नेमकी हीच का?" ते उठून मशीनकडे गेले.

मंगळवार, १४ जुलै

जूनमधल्या पहिल्या खोक्यांबद्दल तक्रार नव्हती. नंतरचा खोका मात्र गंजून परत आला, आधीपेक्षा जास्त. म्हणजे मी पकडलं, आणि हा त्याचा सूड. कपाट तर माझ्या किल्लीनं बंद असतं. दुसरी किल्ली करून घेतली असणार. आज कुलूप बदललं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

कंपनीनं निर्वाणीचं सांगितलं. पुढच्या लॉटवर एक डाग दिसला तर काम बंद. मधुभाऊजी दिवसभर तोंड पाडून फिरत होते. दुपारी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, हात जोडतो. हा एक लॉट तुम्ही बघू नका. मी करतो, मी गुंडाळतो, मीच नेऊन देतो. डाग पडला तर माझा अर्धा हिस्सा तुमच्या नावावर."

"आणि नाही पडला तर?"

"तर नाही पडला. कारखाना वाचला."

किती सोपं. नाही पडला तर सिद्ध काय होणार, की सुमती लांब राहिली की सगळं सुरळीत चालतं. त्या आत्याबाईसारखंच. मी म्हटलं, विचार करते.

गुरुवार, २० ऑगस्ट

मी विचार केला होता, आणि सोडायचंही ठरवलं होतं. खरंच. लॉट मधुभाऊजींनी गुंडाळून खोक्यात भरला तेव्हा मी ऑफिसातून हललेसुद्धा नाही. पण आज ते बहिणीकडे कल्याणला वास्तुशांतीला गेले, खोका परवा जायचा, आणि मी त्याच्याशेजारी बसलेली. काय भरलंय आत? अर्धं माझं आहे, अर्धं आनंदचं आहे, आणि मला बघायचीही चोरी?

दामाजी जेवायला गेल्यावर खोका उघडला. एकेक पीस काढला, हातात घेऊन दिव्याशी फिरवला. तेलाचा थर फार जाड होता, आतलं काही दिसेना, म्हणून पदरानं पुसून नीट बघितलं. एकाही पिसावर डाग नाही. सगळे लख्ख. अंगठ्यानं दाबून दाबून बघितले. मग हलकं तेल लावून पुन्हा तसेच गुंडाळले. आता काही झालं तर ते इथून निघाल्यानंतर झालं, याची मी साक्षीदार आहे.

गुरुवार, १० सप्टेंबर

अख्खा लॉट रिजेक्ट. ऑर्डर बंद.

मधुभाऊजींना मी फक्त एवढंच म्हटलं, "खोका उघडून बघितला होता मी. लख्ख होता. आता काय सांगणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "उघडला होतात?"

"हो. प्रत्येक पीस."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता कबूल करतील. पण उठून बाहेर गेले आणि रस्त्यावर उभे राहिले. दादानं नोटीस तयार ठेवलीच होती. भागीदारी मोडायची. उद्या टाकते.

गुरुवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

मशिनांची पूजा. दरवर्षी आनंद आणि मधुभाऊजी मिळून करायचे. नोटीस मिळाल्यापासून मधुभाऊजी भांडले नाहीत, वकील केला नाही, एक शब्द बोलले नाहीत. आज शुभदाला घेऊन आले, मशिनं धुऊन पुसून ठेवली, झेंडूची तोरणं बांधली. मग हळदीकुंकवाचं तबक माझ्यापुढं धरलं. "वहिनी, तुम्ही लावा."

शेजारच्या गाळ्यातले लोक बघत होते. मी म्हटलं, "शुभदा आहे की."

"मशीन आनंदचं आहे. तुम्हीच लावा."

मी ग्राइंडिंग मशीनला हळदकुंकू लावलं. आनंद गेल्यापासून कुंकवाला पहिल्यांदा बोट लागलं. त्या वेळी वाटलं नोटीस फाडून टाकावी. पण लगेच मनात आलं, हे लोकांसमोरच का? घरी येऊन का नाही दिलं तबक? चार लोकांत चांगुलपणा दाखवायचा आणि जायचं.

प्रसाद वाटून झाल्यावर त्यांनी कागदांवर सही केली. गाळा, मशिनं, सगळं माझ्याकडे. त्यांनी फक्त आपली हत्यारांची पेटी नेली. अपराधी माणूस असाच जातो, हूं की चूं न करता. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं. रात्रीचा भात पातेल्यातच राहिला.

सोमवार, १२ ऑक्टोबर

घोडबंदर रोडच्या कंपनीत गेले होते. तपासणी खात्याचे देसले साहेब भेटले. म्हटलं, गडबड करणारा माणूस गेला, पुन्हा संधी द्या. देसल्यांनी कपाटातून आमचे जुने पीस काढले. "बाई, गडबड कसली? हे बघा." डाग नुसते डाग नव्हतेच. बोटांच्या रेघा होत्या, स्वच्छ, शाईनं उठवाव्यात तशा. देसले म्हणाले, काही माणसांचा घामच असा असतो, पोलादाला हात लागला की चार दिवसांत गंज. त्यात त्या माणसाचा दोष नाही, पण अशाला गेजजवळ फिरकू द्यायचं नाही.

मी विचारलं, "कोणाचा हात?"

"मधुसाहेबांचाच. स्वतः येऊन सांगून गेले गेल्या आठवड्यात. म्हणाले, हात माझा होता, आता मी कारखाना सोडलाय, बाईंना एक लॉट द्या."

बघा! शेवटी कबूल केलंच. मला नाही, परक्याला. एक लॉट मिळाला, अट एकच, मधुसाहेबांनी मालाला शिवायचं नाही. मी म्हटलं, त्याची काळजी सोडा. परतताना रिक्षात दादाला काय काय सांगायचं ते जुळवत होते. एकच कळेना, घाम आहे हे माहीत होतं तर माणूस स्वतःचा हात आवरत का नव्हता.

रविवार, २२ नोव्हेंबर

शुक्रवारी इस्टेट बंद असते, म्हणून रविवार कामाचा. लॉट परवा जायचाय. पॉलिश दामाजीनं केलं, तो पीस फडक्यात धरतो. त्यानंतर माझ्याखेरीज कोणी शिवलेलं नाही, कोणाला शिवू दिलेलं नाही. आठवड्यापूर्वी गुंडाळलेला एक पीस सहज उलगडला.

अंगठा. तपकिरी, पूर्ण.

आधी दामाजीवर ओरडले. तो फडकं हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग मी पीस दिव्याशी धरला. रेघांच्या मधून एक आडवी कोरी चीर गेली होती. माझ्या उजव्या अंगठ्यावर विळीची चीर आहे, नेमकी तिथंच. अंगठा त्यावर टेकवून बघितला. दुसरा पीस उलगडला. तिसरा. सगळीकडे मीच.

"दामाजी, तुला माहीत होतं?"

"हो बाय. मधुशेट बोललेलं, बायला कोनी सांगाचा नाय."

मी स्टुलावर बसले. मग तशीच मधुभाऊजींच्या घरी गेले. ते हल्ली कल्याणला कोणाच्या तरी कारखान्यात नोकरीला जातात, आज सुट्टी म्हणून घरी होते. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, "अंगठा माझा आहे."

ते पहिलं काय म्हणाले असतील? "पीस तेलात टाकलेत का?"

"नाही."

"किती झाले आहेत?"

"सगळे. मधुभाऊजी, मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही डोहाळजेवणाहून आला होतात. त्यानंतर तुम्हाला 'तुमच्या हातानं खराब होतं' असं कोणत्या तोंडानं सांगू?"

"हाच हात आनंदचा असता तर?"

"त्याला तिथल्या तिथं सांगितलं असतं. शिवी हासडून."

"मग मलाही शिवी हासडायची होतीत." मला भयंकर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी त्यांना चोर ठरवत होते ते माझ्या माथी, ते मी फेडीन. पण हेही खरं की यांनी मला आनंदची बायको म्हणून जपलं, पार्टनर म्हणून एकदाही वागवलं नाही. एका वाक्यानं कारखाना वाचला असता. तेवढं मी सोसलं असतं.

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. शुभदा आतून ऐकत होती. ते म्हणाले, "चुकलं." मी म्हटलं, "माझंही. नोटीस मागं घेते, तुम्ही सही केलेले कागदही फाडते. उद्या देसल्यांना जाऊन सांगते की हात माझा."

"ऑर्डर जाईल वहिनी."

"जाऊ दे. तुमच्या नावावरचा डाग ठेवून मला ती नको. तुम्ही परत येताय की नाही, तेवढं बोला."

ते चपला शोधायला लागले.

गाळ्यात दामाजीनं सगळे पीस उलगडून ट्रेमध्ये मांडले होते. मधुभाऊजी एकेक बघत होते, कोणता पॉलिशनं वाचेल, कोणता गेला. मला वाटलं कडेचा एक बरा आहे, म्हणून दाखवायला मी सवयीनं हात पुढं केला.

"वहिनी, अक्कल गहाण टाकलीय का? हात मागं घ्या आधी!"

दामाजी दचकला. मधुभाऊजी स्वतःच दचकले. मी हात मागं घेतला, पदरात गुंडाळून बसले, आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.